तोदा म्हणजे चारचौघांत सांगणं

मावशींची आणि माझी ओळख एका भांडणामुळे झाली. भांडण आमचं नव्हतं. बालीगंजच्या त्या जुन्या इमारतीत आमच्या घरात फोनला रेंज यायची नाही, म्हणून मी जिन्यात उभी राहून पुण्यातल्या धाकट्या बहिणीला फैलावर घेत होते. विषय काय होता ते आता आठवतही नाही. आवाज मात्र चांगलाच चढला असणार, कारण खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि फुलाफुलांचा झगा घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली. मी ओशाळून फोन बंद केला आणि हिंदीत माफी मागितली.

"थांबलीस कशाला गो बाय?" ती अस्सल कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाली. "भांड की! किती वर्षांनी कुणाला मराठीत भांडताना ऐकते आहे."

मला कोलकात्यात येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. नवऱ्याची बँकेतली बदली, त्यापायी मी सोडलेली शाळेतली संस्कृतची नोकरी, आणि दुपारभर बघायला समोरच्या घराच्या हिरव्या लाकडी झडपा. मी या शहरावर रुसून बसले होते. मला रुसता फार चांगलं येतं, घरी कुणालाही विचारा. त्या दिवशी मावशींनी मला हाताला धरून आत नेलं, नारळाच्या दुधातली गोड वडी पुढे ठेवली आणि माझा रुसवा तिथे जो उतरायला लागला तो कायमचाच. माझ्या कोलकात्यातल्या वर्षांसाठी मला कुणाचे आभार मानायचे असतील तर पहिले त्यांचे, आणि ते मी इथे स्वच्छ शब्दांत मानून घेते.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. माहेर अलिबागच्या बाजूचं, घरचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. लग्न होऊन त्या आल्या कोलकात्यातल्या बगदादी ज्यूंच्या घरात. नवऱ्याचं एस्प्लनेडला कापडाचं दुकान होतं. ज्यू दोघंही, पण सासरी अरबी आणि इंग्रजी, जेवण वेगळं, देवळात म्हणायच्या चाली वेगळ्या. कोकणातले ज्यू आपल्या तोलाचे नाहीत असंही त्या घरात मानलं जायचं. मराठी तोंडातून बाहेर काढायला मावशींना जागाच नव्हती. पुढे बगदादी मंडळी एकेक करत परदेशी गेली, नवरा गेला, मुलगी इस्राएलला गेली, आणि मावशी भल्यामोठ्या घरात एकट्या राहिल्या.

त्यांच्याकडे वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. हिब्रू त्या धडाधड वाचायच्या, पण अर्थ फारसा माहीत नव्हता. मीही लहानपणी स्तोत्रं अशीच म्हणायचे, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. त्यांची नजर कमी झाली तशी मराठी बाजू मी वाचून दाखवू लागले. दुपारी चार वाजता चहा, मग वाचन, मग इमारतीतल्या लोकांची यथेच्छ निंदा, असा आमचा क्रम ठरून गेला.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मराठी बाजूला कधी 'स्तुती करा' असतं, कधी 'उपकार माना', कधी 'कबूल करा', आणि मावशींना पलीकडचं हिब्रू विचारलं तर त्या पाठांतरातून प्रत्येक वेळी एकाच ठशाचा शब्द म्हणतात. संस्कृत शिकवणारीला धातू दिसला की चैन पडत नाही. मी नातेवाइकांकडून, लायब्ररीतून, फोनवरून मिळेल ते जमवलं. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर हिब्रू कोश उघडा पडला तेव्हा नवरा म्हणाला, "आधी बंगाली शिक, भाजीवाला तुला रोज गंडवतो आहे."

धातू तीन अक्षरांचा आहे. योद, दालेत, हे. त्याच्या एका रूपाचा अर्थ फेकणे, बाण किंवा दगड टाकणे. हात या अर्थाचा हिब्रू शब्दही त्याच्या शेजारचाच वाटतो, पण ते नातं खरं की नुसतं दिसण्यातलं यावर जाणकारांचं एकमत नाही. दुसऱ्या रूपात तो धातू पापाची कबुली देण्यासाठी येतो. आणि सगळ्यात जास्त वेळा येतो तो स्तुती किंवा कृतज्ञता सांगण्यासाठी. जुन्या करारात एक आई आपल्या चौथ्या मुलाचं नाव यावरूनच ठेवते, आणि यहुदी हा शब्द त्या मुलाच्या नावावरून आला. आजच्या इस्राएलमध्ये दुकानात सुटे पैसे परत घेताना म्हणतात तो 'तोदा', म्हणजे आभार, हा शब्दही याच धातूचा.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडली. जुन्या ग्रंथात हा धातू सहसा माणसामाणसांतल्या शिष्टाचारासाठी येत नाही. कुणी पाणी दिलं आणि पिणाऱ्याने तोदा म्हटलं असं तिथे घडत नाही. तिथे माणूस संकटातून सुटतो आणि मग चारचौघांत उभा राहून सांगतो की माझ्यावर असं असं आलं होतं, आणि मी सुटलो तो माझ्या बळावर नाही. म्हणजे उपकार मानणं आणि कबूल करणं हे एकच काम. मनातल्या मनात ठेवलं तर ते झालंच नाही.  आमच्या घरात आभार हा शब्द फक्त समारंभाच्या शेवटी, खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात ऐकू यायचा.

मावशींना हे सांगितलं तर त्यांनी वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "हे तू मला आता सांगतेस? माझा एक नवस पन्नास वर्षं तसाच राहिला आहे त्याचं काय करू?"

तो नवस मलिद्याचा होता. मलिदा म्हटल्यावर आमच्याकडे बँकेतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं, पण हा खरोखरीचा मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वेलची, वर सुकामेवा आणि पाच तऱ्हेची फळं. बेने इस्राएल लोक एका पैगंबराच्या नावाने तो करतात. कोकणात एका खडकावर त्या पैगंबरांच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं मावशी छातीठोकपणे सांगायच्या. काम फळलं की मलिदा करायचा, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचा. मावशींची मुलगी पाच वर्षांची असताना मेंदूज्वराने मरणाच्या दारात गेली होती. तेव्हा त्यांनी बोलून ठेवलं होतं. मुलगी वाचली. सासूबाई म्हणाल्या, "हे तुमचं कोकणातलं, आमच्या घरात चालत नाही." पुढे सासूबाई गेल्या, तोवर शहरात ज्यूच उरले नाहीत. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून मावशींचे वडील तेवढे जमल्याशिवाय कधी मलिद्याला बसले नव्हते, आणि कोलकात्यात आता दहा ज्यू पुरुष गोळा करणं अशक्य. नवस राहिला तो राहिलाच.

आणि आता मुलगी येत होती, आईला कायमची घेऊन जायला. घर विकलं गेलं होतं.

"तिथे गेल्यावर करा की," मी म्हटलं. "तिथे दहा काय, हजार मिळतील."

"पोर वाचली इथे, बोलले इथे, आणि फेडू तिथे?" त्या एकदम चिडल्या. मग डोळ्यांना पदर नव्हता म्हणून रुमालाचं टोक लावलं. "तसंच घेऊन जावं लागणार, गो. वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी आले ती कोश उघडूनच बसले. तोदा नावाचा एक जुना नैवेद्य होता, देऊळ होतं त्या काळातला. त्याचा नियम असा की माणसाने चार प्रकारच्या भाकऱ्यांची रास आणायची, आणि ते सगळं त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. एकट्याला संपणारच नाही इतकं अन्न आणि इतका थोडा वेळ. मग माणूस काय करणार? शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे बोलावणार. ते खाता खाता विचारणार, काय झालं होतं रे? आणि त्याला सांगावंच लागणार.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच मी त्यांना तो नियम वाचून दाखवला आणि म्हटलं, "मावशी, यात दहा पुरुष कुठे लिहिले आहेत दाखवा. खाणारी तोंडं लागतात. तेवढी माझ्याकडे आहेत."

"तू मला माझं शास्त्र शिकवतेस?" मावशी म्हणाल्या. पण डोळे मिचकावून म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, कपाकडे बघत, "पोहे जाडे लागतात, हो."

आमचा मराठी लोकांचा एक लहानसा गट होता. बँकेतली, सरकारी कंपन्यांतली, आयटीतली कुटुंबं. गणपतीला आणि संक्रांतीला भेटायची. मी रविवारी सकाळचं आवतण दिलं. खाण्याला नाही म्हणणारा मराठी माणूस परप्रांतात सापडत नाही. बेहालाहून एक जोडपं नव्या मेट्रोने, मग बस पकडून वेळेच्या आधीच हजर झालं. सगळ्यांनी नारळ आणले होते. सत्यनारायणाला जावं तसे सगळे नटून आले होते. बेहालाच्या काकूंनी तर मावशींच्या पाया पडून विचारलं, "कथा किती वाजता सुरू होणार?"

मावशींची मुलगी दोन दिवसांपूर्वीच येऊन दाखल झाली होती. पन्नाशी उलटलेली, केस बारीक कापलेली, हसऱ्या चेहऱ्याची. कोलकात्यात वाढल्यामुळे बंगाली अस्खलित, इंग्रजी उत्तम, मराठी शून्य. मलिदा म्हणजे काय आणि तो कशासाठी, हे आईने तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी चहा दिला की ती मोकळेपणाने "तोदा!" म्हणायची, आणि मावशी मागून मला डोळ्यांनी खुणावायच्या, बघ, असा वापरतात आता.

आता माझा पराक्रम ऐका. मावशी आत तयार होत होत्या आणि मलिदा कालवायचं काम माझ्याकडे होतं. गूळ, नारळ, वेलची सगळं झालं. परातीकडे बघितलं तर मला ते कोरडं कोरडं वाटलं. प्रसादाचं म्हणून जे जे माझ्या हातून आजवर झालं त्यात तूप नाही असं घडलेलं नाही. मी वर जाऊन घरचं साजूक तूप आणलं आणि चांगला मोठा चमचाभर सोडलं. हात जरा सैलच सोडला.

मावशी बाहेर आल्या, परातीवर वाकल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"तूप घातलंस?"

"थोडंसंच. देवाचं आहे ना."

मलिद्यानंतर जेवणाला मावशींनी नारळाच्या दुधात कोंबडी केली होती. शहरात कोशेर, म्हणजे ज्यू रीतीने, कापणारा उरला नव्हता, तेव्हा ओळखीच्या हलाल दुकानातून कोंबडी आणायची आणि मीठ लावून रक्त काढून टाकायचं, एवढी तडजोड त्यांनी देवाशी केली होती. पण ज्यूंना दूध आणि मांस एकत्र चालत नाही, आणि ते त्यांच्या घरात कधी एकत्र आलं नव्हतं. म्हणून तर कोंबडीला नारळाचं दूध. आणि मी गाईचं तूप घालून बसले होते! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, टाकून देते, दुसरा करते. पोहे संपले होते, बाहेर माणसं बसली होती.

मावशींनी एक क्षणच विचार केला. मग खो खो हसत सुटल्या. "बामणाघरचा मलिदा झाला हा! असू दे. दुधाचं आधी खाल्लं तर चालतं. चूळ भरायची, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग कोंबडी. उलटं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत उपाशी बसवलं असतं सगळ्यांना."

पुरुषांनी डोक्यावर रुमाल टाकले. प्रार्थना म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मावशींनीच म्हटली, एकेका फळाचा आशीर्वाद वेगळा, आवाज जरा थरथरता पण चाल पक्की. शेवटी सगळे आपणहून 'आमेन' म्हणाले, काही जणांनी सवयीने हातही जोडले. मग शालपानांच्या द्रोणांतून मलिदा वाटला आणि बघता बघता परात साफ झाली. तुपाची तारीफ झाली. मी मान खाली घालून ऐकून घेतली.

आणि मग तो अर्धा तास आला. सगळ्यांनी चुळा भरल्या, स्वयंपाकघरातून कोंबडीचा वास येतोय आणि वाढायचं नाही. माणसं गालिच्यावर चुळबुळत बसली.  शेवटी बेहालाच्या काकू म्हणाल्या, "मग आता कथा होऊ द्या की!"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. असलं काही त्यांच्या रीतीत नव्हतं. प्रार्थना झाली, म्हणजे नवस फिटला. मी मानेनेच हो म्हटलं. त्या खुर्चीत सरसावून बसल्या, मुलीकडे बोट केलं आणि मराठीत म्हणाल्या, "ही मेली असती."

 मुलगी मला विचारायला लागली, काय म्हणते आहे? मी तिच्या शेजारी सरकले आणि भाजीवाल्याशी घासाघीस करत शिकलेल्या बंगालीत सांगत गेले.

मावशी सांगत होत्या. मुलगी हॉस्पिटलात, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि मावशी स्वतः तापाने घरी अंथरुणाला खिळलेल्या. लेकीला बघायलाही जाता येत नव्हतं. त्या पलंगावरूनच त्यांनी पैगंबरांना मलिदा बोलला होता. इथपर्यंत मला माहीत होतं. पण मावशी थांबल्या नाहीत.

"पोर काही खात नव्हती," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलातलं थुंकून टाकायची. माझ्या हातची पेज तेवढी तिला चालायची, कोकणातली, मऊ भाताची. आणि मी पडलेली. तर माझी सासू माझ्या पलंगाशी येऊन उभी राहिली. जिने माझ्या हातचं कधी धड खाल्लं नव्हतं ती. म्हणाली, कशी करतात सांग. पाणी किती, तांदूळ किती, मीठ कधी. रोज करायची, डब्यात भरायची आणि ट्रामने घेऊन जायची. रोज. पोर ती पेज खाऊन उठली."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"मी बरी झाले, पोर घरी आली, तर ती आजीला चिकटलेली. आजी आजी आजी. मला वाटलं, पेज माझी आणि नाव सासूचं झालं. मग ती मलिद्याला नाही म्हणाली, आणि मला बरंच झालं. रागवायला कारण मिळालं. तिने मलिदा करू दिला नाही हे मी सगळ्यांना सांगितलं. आयुष्यभर सांगितलं. पेजेचं कुणाला सांगितलं नाही. नवस पैगंबरांचा होता, पण पोर वाचली ती तिच्या पेजेवर. ते आज सांगते. माझं झालं."

मी बंगालीत शेवटचं वाक्य पुरं केलं. मुलगी आईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रडण्याच्या आधी गोंधळ होता.

"पण आजी तर म्हणायची पेज तू पाठवलीस," ती म्हणाली. बंगालीत, माझ्याकडे बघून. "रोज म्हणायची. डबा उघडायच्या आधी सांगायची, आई घरी आजारी आहे, तरी उठून तुझ्यासाठी करते, तिच्यासाठी खा. मला तर आजपर्यंत वाटत होतं ती पेज आईचीच."

हे मला मराठीत सांगायचं होतं. बंगाली मावशींना माझ्याहून चांगलं येत होतं, त्यांनी ऐकलंच होतं. तरीही त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी सांगण्याची वाट बघत.  मी सांगितलं.

मावशी खुर्चीवरून उठल्या. मुलीने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. त्या सरळ उभ्या राहिल्या, झग्याच्या चुण्या नीट केल्या, जमलेल्या सगळ्या अनोळखी मराठी माणसांकडे एकदा बघून घेतलं. मग जिवंतपणी ज्या बाईशी त्या मराठीत एक शब्द बोलल्या नव्हत्या तिला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सासूबाई, पेज तुम्ही करत होतात. मी नाही. तुम्ही."